तीनशे बारा घराण्यांचं मूळ घर

वारसा खात्यावरचा आरोप सरळ आहे. मेलेल्या माणसांना घरं मिळवून देण्याच्या नादात तुम्ही एका जिवंत बाईचं घर घेतलंत.

ज्या समाजाला आपले पूर्वज ठाऊक नाहीत तो दिशाहीन होतो, असं खात्याचं पत्रक म्हणतं. (पत्रक लिहिणाऱ्याला स्वतःचं कार्यालय सापडत नसे, पण ते असो.) म्हणून परदेशी गेलेल्यांच्या वंशजांना आपलं मूळ घरबसल्या सापडावं यासाठी ऑनलाइन सूची करायचं ठरलं. काम एका संगणकवाल्याकडे आलं. त्याला स्वतःच्या पणजोबांचं नाव ठाऊक नव्हतं. खात्याने हा निःपक्षपातीपणा मानला.

सूची देखणी झाली. आडनाव टाकलं की घराणं हजर. अडचण एवढीच, की मूळ घराच्या फोटोची चौकट रिकामी असली तर पान उघडतच नसे. (ही करामत त्याचीच. करताना त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.) केव्हाच पडून गेलेल्या घरांचे फोटो आणायचे कुठून? उद्‌घाटन तोंडावर आलेलं. त्याच्या फोनमध्ये घर म्हणावं असा एकच फोटो होता: किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या आत्याच्या दोन खोल्या, बाहेरून लोखंडी जिना, कठड्यावर वाळत घातलेली उशीची खोळ. रिकाम्या चौकटींत त्याने तो तात्पुरता टाकला; फोनने टिपलेला पत्ताही त्यासोबत आपोआप गेला. खात्यात तात्पुरत्या गोष्टींइतकं टिकाऊ काही नसतं.

वंशज येऊ लागले. पहिला एक दातांचा डॉक्टर होता. जिन्यापाशी उभा राहून तो हमसाहमशी रडला. किल्ली हरवली असेल, असं वाटून आत्याने त्याला पाणी दिलं आणि खालचं दुकान दाखवलं. मग दोघी बहिणी आल्या आणि ओल्या रंगाच्या कठड्याला बिलगल्या. एकाने तर जिन्याचा गंज खरवडून डबीत भरून नेला. कठडा आजोबा सांगायचे तस्साच आहे, असं प्रत्येकाने शपथेवर सांगितलं. खात्याच्या पाहणीत अठ्ठ्याण्णव टक्के वंशज समाधानी निघाले. उरलेल्या दोन टक्क्यांची तक्रार खोळीबद्दल होती.

संगणकवाल्याला चूक सुधारता आली असती. पण सुधारली की ती झाली होती हे सिद्ध होतं, आणि तोवर त्याला सत्काराची शाल मिळाली होती.

आत्या त्याला एवढंच म्हणाली, "चाळीस वर्षं शिलाईचं मशीन चालवून घेतल्यात रे या खोल्या. आणि हे मलाच विचारतात, बाई, तुम्ही इथल्या कोण?"

त्याने तिला जरा सोसायला सांगितलं.

मग खात्याच्या लक्षात आलं, की एकाच जिन्यावर तीनशे बारा घराण्यांची मुळं आहेत. इतका दाट वारसा जगात कुठे नसेल. इमारत संरक्षित झाली आणि वंशज नसलेल्यांनी खोल्या रिकाम्या कराव्यात अशी नोटीस निघाली. आत्या वंशजांत बसेना, कारण सूचीच्या व्याख्येनुसार जो गेला तो वंशज आणि जो राहिला तो भोगवटादार. ही व्याख्याही आमच्या शालवाल्याचीच.

आता मात्र तो खात्यात धावला. साहेबांसमोर त्याने सगळं कबूल केलं.

"फोटो चुकीचा असेल हो," साहेब म्हणाले, "पण तीनशे बारा घराणी रडली, ते रडणं चुकीचं कसं म्हणू?"

खोल्यांना खात्याचं कुलूप लागलं. आत्याचं मशीन किल्लीवाल्याने आपल्या दुकानात ठेवून घेतलं. संगणकवाल्याने तिला आपल्याकडे राहायला ये म्हणून विनवलं.

"नको बाबा," ती म्हणाली, "तिथेही कुणीतरी रडायला येईल." ती कुठे झोपते, ते ती त्याला सांगत नाही.

खातं उत्तर देणार नाही, ते माहीत आहे. तेव्हा तुम्ही द्या. त्या जिन्यावर बसून, डोळे पुसत, 'अखेर घरी' असं लिहून फोटो टाकणाऱ्यांत तुम्हीही आहात. नीट बघा, फोटोच्या कडेला एक कोपर आलंय. ते कापून टाकण्याआधी ते कुणाचं, हे विचारलं होतंत का? हो की नाही, तेवढं सांगा.