संकेतस्थळाची आत्या

नावावाचून काही अडत नाही असं जे लोक म्हणतात, त्यांची स्वतःची नावं बाराव्या दिवशी, पाच सवाष्णींच्या साक्षीने, आत्याने कानात कुर्र करून ठेवलेली असतात. मूल कितीही घाईने जन्माला येवो, नाव ठेवण्यात घाई चालत नाही. घाईत नाव ठेवलेली मुलं पुढे कुणाचं ऐकत नाहीत असा अनुभव आहे (आमच्या गावात अशी एकूण सात मुलं झाली, पैकी दोन सरपंच होऊन गेली).

हे सांगायचं कारण असं, की शहापूर तालुक्यात, शेणव्यावरून आत चार किलोमीटरवर असलेल्या आमच्या गावाने यंदा पहिलंवहिलं संकेतस्थळ काढलं. संकेतस्थळ म्हणजे वेबसाइट. त्या कामी नेमलेल्या समितीचा सचिव मी. तालुक्याच्या एका कचेरीत मी एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली आणि त्या काळात माझ्या हातून एकही कागद घाईने पुढे गेला नाही. हा अनुभव समितीला फार उपयोगी पडला.

मूळ प्रकरण अगदी किरकोळ होतं. रंजनावहिनी आमच्या गावच्या बचत गटाच्या अध्यक्षा. गटातल्या अकरा बाया लाल भात पिकवतात आणि उखळात कांडून तांदूळ करतात. यंदा नऊ क्विंटल झाला. डोंबिवलीला हेतलबेन म्हणून एक बाई पौष्टिक खाण्याचं दुकान चालवतात. त्यांनी तांदूळ शिजवून बघितला, आवडला, आणि म्हणाल्या, सगळाच्या सगळा घेते. फक्त एकतीस जानेवारीच्या आत तुमची वेबसाइट दाखवा. गिऱ्हाईक पाकीट हातात घेतं आणि आधी मोबाइलवर बघतं, हा तांदूळ खरंच कुठे पिकतो का म्हणून. (शेतात पिकलेला तांदूळ मोबाइलवर दिसल्याशिवाय खरा धरू नये, ही पद्धत मला मनापासून पटली. आमच्या कचेरीत समोर उभ्या असलेल्या माणसाकडूनही हयातीचा दाखला घेत असत.)

"भावोजी, बायांना मी शब्द दिलाय," वहिनी मला म्हणाल्या. "यंदा माल पडून राह्यला, त्याला कीड लागली, तर पुढल्या वरसाला मुसळ कोण हातात धरंल? व्यापाऱ्याला निम्म्या भावात घालून सगळं बंदच करावं लागंल."

शेजारी त्यांची सून अनिता उभी होती. अनिता कल्याणला एका ऑफिसात संगणकावर काम करते. ती म्हणाली, "नाव घ्यायचं, होस्टिंग घ्यायचं, चार फोटो टाकायचे. वीस मिनिटांचं काम आहे, काका."

वीस मिनिटं हा आकडा मला खटकला. जे काम वीस मिनिटांत होतं, त्याला जबाबदार कोण हे मागाहून ठरवता येत नाही. म्हणून मी त्याच दिवशी समिती नेमून घेतली. अध्यक्ष कुंडलिकदादा. संकेतस्थळाला जागा लागते असं अनिताच्या तोंडून आलं होतं, आणि जागेतलं कुंडलिकदादांइतकं गावात कुणाला कळत नाही (एका बांधावरून भावकीशी त्यांचा दावा सव्वीस वर्षं चालू आहे). सचिव मी. सदस्य म्हणून गावात त्या वेळी मोकळे असलेले सर्व पुरुष, आम्ही दोघे धरून एकूण चौदा. तांदूळ बायांचा असल्यामुळे चहाची जबाबदारी एकमताने बायांवर सोपवण्यात आली.

पहिली बैठक दोन जानेवारीला वहिनींच्या ओटीवर झाली. अनिताने समजावून सांगितलं, की वेबसाइट कुणाच्या तरी मोठ्या संगणकावर ठेवावी लागते. त्यासाठी तिथली जागा वर्षाच्या भाड्याने घ्यायची, याला होस्टिंग म्हणतात. एकाच संगणकावर पुष्कळांच्या वेबसाइटी असतात ते शेअर्ड, म्हणजे सामायिक. ते स्वस्त पडतं आणि आपल्याला तेवढं बस आहे.

सामायिक हा शब्द ऐकताच ओटीवरचे सगळे सरसावून बसले. आमच्या भागात, शहापुरात काय अन् मुरबाडात काय, सामायिक सातबाऱ्याने जेवढी घरं फोडली तेवढी दारूनेही फोडली नसतील.

"मोजणी झालीय का?" कुंडलिकदादांनी विचारलं.

"कसली मोजणी, दादा?"

"जागेची. शेजारी कोण हाय?"

"शेजारी कोण ते आपल्याला कळत नाही."

"शेजारी म्हाईत नसताना जागा घेयाची?" दादा शांतपणे म्हणाले. "गो पोरी, मी शेजारी म्हाईत असून सव्वीस वरसं कोर्टात जातोय."

समितीने होस्टिंगवाल्या कंपनीला रीतसर पत्र लिहायचं ठरवलं. मसुदा माझा. त्यात सातबाऱ्याचा उतारा, चतुःसीमा, मोजणीचा नकाशा, मागच्या तीस वर्षांचा फेरफार आणि पाण्याची सोय (यंत्रं तापतात म्हणे) यांची माहिती मागवली होती. अनिताने ते पत्र कंपनीला पाठवलं. उत्तर एका मिनिटात आलं. आमची निवड केल्याबद्दल आभार, आणि दोन तासांत घेतलं तर सत्तर टक्के सूट.

इथे समितीचा संशय पक्का झाला. दोन तासांत जागा काढून टाकायला निघालेला माणूस एक तर बुडालेला असतो, नाहीतर त्या जागेवर दावा असतो. शिवाय विचारलेल्या पाच मुद्द्यांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. कुंडलिकदादांनी आणखी एक मूलभूत प्रश्न काढला: कुळकायद्याप्रमाणे किती वर्षं भाडं भरलं म्हणजे जागा आपल्या नावावर चढते? अनिता म्हणाली, कधीच नाही. आणि वेबसाइटचं जे नाव असतं तेही दरवर्षी पैसे भरून टिकवावं लागतं, चुकलं तर दुसरा कुणीही ते घेऊ शकतो. हे ऐकून वयोवृद्ध सदस्य पार हादरले. स्वतःचं नाव दरवर्षी सोडवून आणायचं, ही पाळी जुन्या सावकारांनीही आमच्यावर आणली नव्हती.

तीन बैठका या मुद्द्यावर गेल्या. चौथीत, अनिताने शेजारच्या वेबसाइटींशी बांधावरून भांडण काढू नये या अटीवर, सामायिक जागेला तत्त्वतः मान्यता मिळाली. क्लाउड नावाच्या आणखी एका पर्यायावर चर्चा झाली नाही, कारण तेवढ्यात चहा आला. चहा देता देता वहिनी म्हणाल्या, "भावोजी, अठरा दिवस राह्यले." मी त्यांना सांगितलं, की आता फक्त नाव राहिलं आहे.

आणि खरी अडचण नावाचीच निघाली. वेबसाइटच्या नावाला डोमेन म्हणतात आणि त्याला शेवटी आडनाव लागतं. डॉट कॉम हे मोठं घराणं, डॉट इन म्हणजे आपल्यातलंच. सोयरीक आपल्यातच बरी, हे पाच मिनिटांत ठरलं (समितीच्या इतिहासात इतक्या वेगाने दुसरं काही ठरलेलं नाही). मग अनिता म्हणाली, "एक छोटं नाव शिल्लक आहे. मी बघून ठेवलंय."

कुंडलिकदादांनी हात वर करून तिला थांबवलं. "नाव आई ठेवते का? का सून ठेवते?"

सगळे चपापले. एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. नाव आत्या ठेवते. मग संकेतस्थळाची आत्या कोण?

हा प्रश्न मी कचेरीच्या शिस्तीने सोडवला. गटाची नोंद वहिनींच्या घरच्या पत्त्यावर आहे. सबब संकेतस्थळ त्या घरी जन्मणार. सबब त्याची आत्या ती वहिनींची नणंद. वहिनींना नणंद एकच, मुरबाड तालुक्यात दिलेल्या सकुबाई. आणि सकुबाई चार वर्षांपासून रुसलेल्या होत्या. अनिताच्याच लग्नात विहीणबाईंना साडी आधी दिली गेली आणि वराच्या आत्याला मागाहून. त्या दिवशी सकुबाई न जेवता गेल्या, त्या पुन्हा माहेरचा उंबरा चढल्या नव्हत्या.

म्हणजे नऊ क्विंटल तांदूळ आता एका साडीपाशी येऊन अडला होता. वहिनी सुनेकडे बघत राहिल्या. दोघींचे चेहरे उतरले असणार, असं मी इतिवृत्तात नोंदवलं.

सकुबाईंची समजूत काढायला सहा जणांचं शिष्टमंडळ जीप करून निघालं. वाटेतलं सापगाव मागे पडलं तेव्हा लक्षात आलं, की साडी घ्यायची राहिली. म्हणून परत फिरलो. ही पहिली खेप. दुसऱ्या खेपेला मुरबाडच्या पुढे त्यांच्या घरी पोचलो तर दाराला कडी. अख्खं गाव म्हसा गावच्या जत्रेला गेलेलं. आता जत्रेत शोधल्याशिवाय परत जाणं हा कर्तव्यात कसूर झाला असता, म्हणून आम्ही जत्रेत गेलो. सकुबाई सापडल्या नाहीत. घोंगड्या मात्र चांगल्या मिळाल्या (प्रत्येकी एक; कुंडलिकदादांना दोन).

तिसऱ्या खेपेला सकुबाई घरी भेटल्या. आम्ही साडी पुढे ठेवली. मी निवेदन वाचून दाखवलं. संकेतस्थळ, होस्टिंग, सामायिक जागा, आत्याचा परंपरागत हक्क, सगळं त्यांनी खाली मान घालून ऐकलं. मधेच पदर तोंडाला लावून त्या बराच वेळ खोकत होत्या (थंडीचे दिवस होते).

"मी इचार करते," त्या म्हणाल्या. "पन पौष हाय. पौषात बारसं करतात का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. चौदा सदस्य, पाच बैठका, एकशे चौदा कप चहा, आणि पौष कुणाच्या ध्यानात नव्हता. जुन्या माणसांचं डोकं वेगळंच असतं. माघ लागल्यावरचा पहिला चांगला दिवस काढला, तो दोन फेब्रुवारीला आला. हेतलबेनच्या मुदतीला दोन दिवस उलटून जात होते. पण कचेरीत मी वर्षांचा उशीर माफ झालेला पाहिला आहे. दोन दिवस म्हणजे काहीच नाही, असं मी वहिनींना समजावलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यांचं दिवस मोजणंही मध्यंतरी बंद झालं होतं. समितीवर बसलेला विश्वास पाहून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

दोन फेब्रुवारीला बारसं झालं. ओटीवर पाळणा टांगला, त्याला झेंडूच्या माळा, आत दुपट्यावर अनिताचा लॅपटॉप. सकुबाई आल्या, चार वर्षांनी त्यांनी माहेरचा उंबरा ओलांडला, आणि वहिनींनी त्यांच्या पायावर पाणी घातलं तेव्हा दोघींचे डोळे भरले. पाळण्याचं गाणं म्हणून झालं. आता नाव कानात सांगायचं, तर लॅपटॉपचा कान कोणता यावर थोडा खल झाला. जिथून आवाज येतो तिथूनच ऐकूही जात असणार, असा निर्णय कुंडलिकदादांनी दिला. सकुबाईंनी त्या बाजूला वाकून कुर्र केलं.

"आता घाल नाव," दादा अनिताला म्हणाले.

अनिताने लॅपटॉप उघडला. वेबसाइट तिथे होतीच. अकरा बाया उखळापाशी उभ्या असलेला फोटो, शेजारी शेताचा, आणि वर मोठ्या अक्षरांत: यंदाचा तांदूळ संपला, पुढच्या भातासाठी नावं नोंदवा.

चौदाही जण पाळण्यावर वाकले.

"बारशाच्या आधीच जन्म?" कुंडलिकदादांनी विचारलं.

"बारशाच्या आधीच जन्मतात, दादा," सकुबाई म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं. ज्या संध्याकाळी समितीने आत्या शोधून काढली, त्याच संध्याकाळी अनिताने त्यांना फोन केला होता. "म्हनली, आत्या, माझ्या लग्नात तुमचा मान राह्यला, चुकलं आमचं. आता या कामाला नाव तुमीच सांगा. मी सांगितलं. तिनं फोन ठेवला नि वीस मिनटांनी परत केला, झालं म्हनून."

"आनि साडी?" दादांनी विचारलं.

"साडीचं काय घेऊन बसलाव? चार वरसांत एका मानसानं फोन केला नव्हता."

"मंग आमाला मुरबाडाला का नाय सांगितलं?" दादांचा आवाज जरा बसला होता.

"तुमी एवढे हौसेनं आलेले," सकुबाई म्हणाल्या, आणि त्यांना पुन्हा खोकला आला.

तांदळाचा टेम्पो डोंबिवलीला गेला तो आम्ही जत्रेत घोंगड्या बघत होतो त्या दिवशी. अकराही बाया पोती चढवायला होत्या. गावातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. समितीला कुणी सांगितलं नाही, कारण समितीने कुणाला विचारलं नव्हतं. हे मी वाईट वाटून लिहीत नाही; थोडं वाटलं, पण इतिवृत्तात भावना लिहायची पद्धत नाही.

मात्र एक गोष्ट उघड होती. सदर संकेतस्थळ ठरावाशिवाय, मंजुरीशिवाय आणि ऐन पौषात निघालेलं असल्यामुळे अनियमित होतं. विकला गेलेला तांदूळ परत आणणं शक्य नसल्याने, समितीने तिथल्या तिथे सहावी बैठक घेऊन सर्व प्रकाराला कार्योत्तर मंजुरी दिली आणि कामगिरी मुदतीआधी पार पाडल्याबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं. अनुमोदन चौदाही सदस्यांनी दिलं. वहिनी आणि अनिता त्या वेळी आत, पुढच्या हंगामाला गटात यायला निघालेल्या आणखी सहा बायांची यादी करत होत्या, त्यामुळे त्यांचं मत घेता आलं नाही.

आता शेवटी, वाचकहो, तुमच्याविषयी. तुम्ही इथवर आलात ते एका प्रश्नासाठी हे मला कळतं: सकुबाईंनी नाव काय ठेवलं? नाव मी सांगणार नाही. त्या तांदळाचा भात कसा होतो, पुढचा कधी मिळेल, आपल्यासाठी दोन किलो ठेवाल का, यातलं एक तरी तुमच्या मनात आलं असतं, तर सांगितलं असतं. पण तुम्ही नावापाशीच अडून बसलात. लाजू नका, आम्हीही चौदा जण तिथेच बसलो होतो. पंधरावे म्हणून तुम्हाला समितीवर घेण्याचा ठराव मी लिहून ठेवला आहे.