टाकीची रजा

कारखान्यात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या दोन टाक्या होत्या. दोन्हींत शोषक दाणे भरलेले. एका टाकीतले दाणे दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन धरून ठेवत आणि ऑक्सिजन पुढे सोडत. तोवर दुसरी टाकी दाब उतरवून, साठलेला नायट्रोजन बाहेर टाकून मोकळी होई. मिनिटभराने पाळी बदले. हे सगळं सुरळीत चालत असल्यामुळे त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

नव्या कार्यक्षमता अधिकाऱ्यांचं गेलं.

"ही फुसफुसणारी टाकी काय करतेय?"

"मोकळी होतेय, साहेब," पाळीप्रमुख म्हणाले.

"कामाच्या वेळेत?"

दोन्ही टाक्यांनी अखंड काम करावं, असा आदेश निघाला. थोड्याच वेळात दाणे नायट्रोजनने गच्च भरले आणि टाकीत जी हवा शिरे, तीच बाहेर पडू लागली. ऑक्सिजन विकत घेणाऱ्या काचकारखान्याच्या मालकाचा फोन आला. "सिलिंडर भरून हवा पाठवलीत! हवा आमच्याकडेही येते हो, खिडकीतून."

समिती बसली. तिने निष्कर्ष काढला, की टाक्यांना विश्रांती आवश्यक आहे. तथापि पूर्वपरवानगीविना घेतलेली विश्रांती ही गैरहजेरी होय. टाकीला हजेरी क्रमांक नसल्याने तिची रजा सर्वांत जवळच्या कर्मचाऱ्याच्या खाती टाकावी. या कर्मचाऱ्यास 'टाकीपालक' म्हणावे.

सर्वांत जवळचे कर्मचारी पाळीप्रमुखच होते. त्यांची लेक बाळंत होणार होती. तिच्याकडे जाता यावं म्हणून वर्षभर ताप अंगावर काढून त्यांनी रजा साठवली होती.

"साहेब, टाकी मिनिटभरच थांबते."

"नियमात अर्ध्या दिवसाहून लहान रजाच नाही. त्याला मी काय करणार?"

सकाळच्या चहापर्यंत त्यांची साठवलेली रजा संपली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुढच्या काही वर्षांचीही.

"अहो, नात झाली!" घरी बायको म्हणाली. "निघायचं ना?"

"रजा संपली."

"संपली? कुठे गेला होतात?"

"मी नाही. टाकी गेली होती."

"मग टाकीलाच पाठवा लेकीकडे!"

महिनाअखेरीस सततच्या गैरहजेरीबद्दल त्यांच्यावर नोटीस निघाली. ती द्यायला कारकून थेट टाकीपाशी आला.

"अरे, मी रोज इथेच उभा असतो!"

"उभे असाल, काका. हजर नसता."

पाळीप्रमुखांना कामावरून कमी करण्यात आलं. त्याच संध्याकाळी ते नातीला पाहायला निघाले. आता रजेचा प्रश्नच नव्हता.

टाक्या उत्तम चालल्या आहेत, अगदी पूर्वीसारख्या. शिस्त आणल्याबद्दल कार्यक्षमता अधिकाऱ्यांना बढती मिळाली. टाकीपालकाची जागा मात्र रिकामी आहे. शिक्षणाची अट नाही, अनुभवाचीही नाही. आजवर एकही रजा घेतली नाही, असं चारचौघांत अभिमानाने सांगणाऱ्यांना प्राधान्य मिळेल.

तुमची किती शिल्लक आहे?