शेळी चालून राह्यली

"हालू नका! शेळी चालून राह्यली!"

दिवसातून दहा-बारा वेळा ही आरोळी खालून येते आणि मी असेन तिथे पुतळा होतो. एकदा तर एक पाय पँटमध्ये असताना झालो होतो.

आरोळी देणारे वानखडे सर माझे घरमालक, निवृत्त चित्रकला शिक्षक. दिग्रसच्या त्यांच्या घरात वरच्या लाकडी मजल्यावर मी भाड्याने राहतो आणि कॉलेजात मराठी शिकवतो. शेळी कापसाची आहे. आत तारेचा सांगाडा, डोळ्यांना मिरे. तिला केसभर सरकवायचं, मोबाइलने फोटो काढायचा, पुन्हा केसभर सरकवायचं. असे शेकडो फोटो भराभर पळवले की शेळी चालते. सर दोन वर्षांपासून शेळ्यांच्या कुटुंबाचा सिनेमा करताहेत. तेवढ्यात एखादी खरी शेळी चरत चरत यवतमाळला जाऊन आली असती.

माझा पंखा लावला की तुळई थरथरते आणि बोकडाची दाढी विस्कटते. म्हणून मे महिन्यात माझा पंखा बंद. दिग्रसचा मे महिना!

"सर, मी शिजतोय इथे."

"थोडसं थांबा भाऊ, बोकड्या पेपर खाऊन राह्यला."

ते पेपर खाणं एकोणीस दिवस चाललं.

वैतागून मी त्यांचं व्याकरण काढलं. "सर, 'चालून राह्यली' नाही, 'चालते आहे'."

"तुमची शेळी चालते अन् जाते निंगून. माई चालून राह्यली. चालते अन् राह्यते बी."

यावर व्याकरणात उत्तर नाही. मी शोधलं.

सिनेमात शहरात गेलेलं करडू सुट्टीला घरी येतं. सरांची मुलगी मीनल बंगळुरूला असते. दर वेळी फोनवर "बाबा, येऊन राह्यली" म्हणते आणि ऐन वेळी तिची रजा रद्द होते. यंदा जूनच्या पहिल्या रविवारचं तिकीट काढलं होतं. त्याआधी सिनेमा पुरा व्हायला हवा होता.

आठवडा उरला असताना मी शिंकलो. करडू तोंडावर पडलं, दोन दिवसांचं काम गेलं. सर ओरडले नाहीत. जिन्यात येऊन एवढंच म्हणाले, "आता नाय होत, भाऊ."

ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढचे सहा दिवस, सुट्टी असूनही, मी कॉलेजात जाऊन बसलो. प्राचार्यांना ती माझी निष्ठा वाटली.

सिनेमा शनिवारी पुरा झाला. रविवारी सकाळी फोन आला: रजा रद्द.

"मोबाइलवर पाठवून द्या ना तिला," मी म्हणालो.

"नाय. आली का दाखवतो. तुमी पाहा, बसा."

तीन मिनिटांचा सिनेमा. बायको आली की बोकड उरलेला पेपर पाठीमागे लपवतो आणि शेपटीकडून तीच तो खाऊन टाकते. मी मोठ्याने हसलो. मग फाटकातून करडू आलं. त्याच्या अंगावरचा कापूस सारखा लहरत होता.

"पंखा बंद असताना वारा कुठून आला, सर?"

"वारा नोहे जी. दर फोटोले माया हात लागला ना तिले."

वऱ्हाडात माया म्हणजे माझा, हे कळायला मला इथे महिना लागला होता. त्या दिवशी मात्र तो शब्द मला माझ्या गावच्या अर्थाने ऐकू आला. मी काही दुरुस्त केलं नाही.

"दिवाळीले येते म्हने," सर कापूस पिंजत म्हणाले. "तोवर दुसरा भाग होऊन जाते."

मी वर गेलो. चपला हातात घेऊन.