बोगद्याचा मंडळप्रवेश

"आज तुम्ही जाणार म्हणजे जाणार," असं म्हणत बायकोने कुत्र्याचा पट्टा लिफ्टवाल्यांच्या हातात कोंबला आणि सोफ्याची वाट अडवून ती उभी राहिली.

लिफ्टवाले म्हणजे लिफ्टचे मेकॅनिक. एकतीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून नुकतेच निवृत्त झालेले. या नव्या वस्तीत राहायला येऊन त्यांना तीन महिने झाले होते.

"तीन महिन्यांत माझ्याखेरीज कोणाशी बोललात?"

"दूधवाल्याशी."

"काय बोललात?"

"'आज नको' म्हटलं."

"त्याला माणसाशी बोलणं म्हणत नाहीत!"

बायकोचंही चुकत नव्हतं. सगळा जन्म लिफ्टच्या डक्टमध्ये एकट्याने काढलेल्या माणसाची जीभ गंजलेली होती. घरी बसल्या बसल्या त्यांनी सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तीन-तीनदा तेल पाजलं होतं. आता फ्रीज खोलून सुटा करायची पाळी आली, तेव्हा बायको घाबरली. आणि दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे गेली असताना तिला तिथल्या भिंतीवर एक सूचना दिसली. 'डॅशहाउंड मंडळ. दर रविवारी सकाळी सात वाजता बागेच्या फाटकापासून सामुदायिक फेरी.'

कुत्रा त्यांच्याकडे होताच. मुलीने दोन वर्षांपूर्वी आणून दिला होता. आखूड पाय, लांबलचक अंग. त्याच्या आत गेलेली वस्तू दुसऱ्या टोकाने बाहेर येईपर्यंत पुन्हा दिसत नसे, म्हणून त्याचं नाव पडलं बोगदा. तो डॅशहाउंड आहे असं मुलगी म्हणाली होती. मुलीवर अविश्वास दाखवण्याचं काही कारण नव्हतं.

"साडेआठच्या आत परत आलात तर दार उघडणार नाही," बायकोने जिन्यातून ओरडून सांगितलं.

फाटकापाशी एकवीस डॅशहाउंड आणि त्यांना धरलेली एकवीस माणसं जमली होती. मधोमध मंडळाच्या अध्यक्षा उभ्या होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण ते त्यांच्या आवाजाला अजून कोणी कळवलेलं नव्हतं. त्यांच्या पायाशी त्यांचा 'युवराज' बसला होता. त्याची सात पिढ्यांची वंशावळ अध्यक्षांना तोंडपाठ होती, आणि आता ती बाकीच्यांनाही झाली होती.

अध्यक्षांनी पर्समधून टेप काढली आणि बोगद्याचा पुढचा पाय मोजला.

"दीड इंच जास्त आहे."

"वाढतं वय असेल," चिटणीस म्हणाले. चिटणीस म्हणजे तेच ते दंतवैद्य. माणूस भला होता.

"वय किती याचं?"

"पाच," लिफ्टवाल्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"आईवडील?"

"गावाला असतात."

"तुमचे नव्हेत! कुत्र्याचे!"

"त्यांची कधी भेट झाली नाही."

अध्यक्षांनी टेप खटकन मिटली. "हे डॅशहाउंड मंडळ आहे, आजोबा. 'डॅशहाउंडसारखं काहीतरी मंडळ' नव्हे. पाहुणे म्हणून चाला. सगळ्यांच्या मागे. आणि फोटो काढताना जरा बाजूला व्हा."

लिफ्टवाल्यांचा चेहरा पडला. स्वतःचं त्यांना काही वाटलं नसतं, पण बोगदा तर मोजून घेताना शेपूट हलवत होता. परत फिरावं असं त्यांना फार वाटलं. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. दार उघडायला अजून एक तास वीस मिनिटं होती. ते मागे जाऊन उभे राहिले.

फेरी निघाली. कारंज्यापर्यंत सगळं शिस्तीत चाललं होतं. मग दिव्याच्या खांबाशेजारच्या बाकावर एक मांजर अंग चाटत बसलेलं बोगद्याला दिसलं. तो एकदाच भुंकला. फार मोठ्यानेही नाही. पण खानदानी झाली तरी कुत्रीच ती! एकवीसच्या एकवीस उधळली.

मांजर आधी फुलांच्या वाफ्यात उतरलं. माळ्याने त्या वाफ्याला नुकतंच भरपूर पाणी पाजलं होतं. बावीस कुत्री त्या चिखलातून पोटावर घसरत पलीकडे निघाली. मग मांजर खांबाला वळसा घालून सरसर वर चढलं आणि दिव्यावर जाऊन बसलं. निम्मी कुत्री खांबाला उजवीकडून फिरली, निम्मी डावीकडून. सगळ्यांचे पट्टे सगळ्यांच्या पायांत गेले. मिनिटभरात खांबाला अध्यक्षा, चिटणीस आणि एक बाक असे एकत्र बांधले गेले होते.

"मागे ओढा!" कोणीतरी ओरडलं.

"पुढे सोडा!"

"बस! बस म्हटलं ना! बस!"

हे ऐकून चिटणीस तेवढे बसले, त्यामुळे गाठ आणखी आवळली.

"कोणीही घाबरू नका, शांत राहा," अध्यक्षा म्हणाल्या आणि लगेच किंचाळल्या, "अहो, युवराज! युवराजचा गळा आवळतोय!"

त्या चिखलाच्या ढिगात युवराज नेमका कुठला हे कळायला मार्ग नव्हता, पण कोणाचा तरी गळा आवळत होता एवढं खरं. एक कुत्रा घरघरायला लागला. जो तो आपापला पट्टा जीव खाऊन ओढत होता.

लिफ्टवाल्यांनी खांबाकडे पाहिलं. वर खेचणारं वजन, खाली खेचणारं वजन, मध्ये अडकलेली माणसं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना समोरचं सगळं नीट समजलं.

"थांबा!"

तळघरातून सातव्या मजल्यावरच्या मदतनिसाला ऐकू जावा म्हणून कमावलेला आवाज तो. एकवीस माणसं थांबली. कुत्री थांबली. दिव्यावरच्या मांजराने चाटायला बाहेर काढलेली जीभ तशीच राहिली. अध्यक्षांनीसुद्धा तोंड मिटलं. हे काम आजवर कोणालाच जमलं नव्हतं.

"ताण असेपर्यंत गाठ सुटत नाही. सगळ्यांनी दोन पावलं आत या. आत! पट्टे सैल सोडा. डॉक्टर, उठू नका, तिथेच बसा. बाई, डावा पाय वर. तुमचा डावा!"

"हा डावाच आहे," अध्यक्षा म्हणाल्या, आणि त्यांनी उजवा खाली ठेवून डावा उचलला.

घरघरणारा कुत्रा त्यांनी आधी शोधला. बोटं चिखलात घालून त्याच्या पट्ट्याची कडी काढली, त्याला श्वास घेताना पाहिलं आणि सरळ काखोटीला मारलं. मग एक-एक कडी काढायची, कुत्रा जवळच्या माणसाच्या हातात द्यायचा, मोकळा झालेला पट्टा ओढून घ्यायचा, की पुढचा. घाई नाही, आरडाओरडा नाही. बारा मिनिटांत खांब मोकळा झाला. शेवटी मोकळ्या झाल्या त्या अध्यक्षा. त्यांनी हातात आलेला चिखलाने माखलेला कुत्रा छातीशी घट्ट धरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"युवराज, माझ्या राजा!" मग त्या भानावर आल्या, आणि भानावर आल्या की त्या शिकवायला लागत. "बघा सगळ्यांनी. एवढा प्रसंग गुदरला, पण हा डगमगला का? याला म्हणतात रक्त! ही छाती बघा. हे पाय बघा, अगदी मापात! आजोबा, जवळ या. वाईट वाटून घेऊ नका, पण अस्सल आणि साधारण यातला फरक असा हातात घेतल्याबरोबर कळतो."

लिफ्टवाले जवळ गेले. तेवढ्यात त्यांच्या काखेतलं कुत्रं मालकिणीचा आवाज ओळखून आनंदाने केकाटलं आणि तिच्याकडे झेपावायला धडपडू लागलं. धडपडीत त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावरचा चिखल निघाला. खाली पितळी पाटी होती. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'युवराज' कोरलेलं होतं.

अध्यक्षांच्या हातातला बोगदा त्यांची हनुवटी चाटत होता.

कोणी हसलं नाही. म्हणजे सगळ्यांनी आपापली कुत्री तोंडापुढे धरली. चिटणिसांना मोठा खोकला आला.

अध्यक्षांनी लिफ्टवाल्यांच्या काखेतल्या युवराजकडे पाहिलं, आपल्या हातातल्या बोगद्याकडे पाहिलं. ज्याचा गळा आवळत होता, तो कोण होता आणि त्याला कोणी सोडवलं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी बोगद्याला खाली ठेवलं नाही. पर्समधली टेप काढून शेजारच्या कचराकुंडीत मात्र टाकली.

"चिटणीस, वही काढा. नवीन सभासद लिहा."

चिटणिसांनी बसल्या जागीच वही उघडली. "नाव, बोगदा. वय, पाच. जात..." ते अडखळले. "जातीच्या रकान्यात काय लिहू?"

अध्यक्षांनी बोगद्याला नाकाच्या शेंड्यापासून शेपटीपर्यंत एकदा न्याहाळलं.

"लांब," त्या म्हणाल्या. "आणि अक्षर नीट काढा."

टाळ्या पडल्या. फोटो निघाला. सगळ्यांनी ओढून लिफ्टवाल्यांना मधे उभं केलं. मग पुन्हा फेरी निघाली, आणि आता सगळ्यांच्या पुढे लिफ्टवाले होते.

"एवढं डोकं शांत कसं हो राहिलं तुमचं?" शेजारून चालताना अध्यक्षांनी विचारलं.

"हे काहीच नाही. एकदा एका लिफ्टमध्ये नवरा मुलगा, त्याचे होणारे सासरे आणि एक पियानो अडकला होता. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे. आणि सासरे म्हणत होते, लग्न मोडलं..."

"अगंबाई! मग?"

मागची माणसं चार पावलं पुढे सरकली. मंडळाच्या नियमाप्रमाणे बागेला दोन फेऱ्या मारायच्या असतात. त्या रविवारी पाच झाल्या. ऊन चढलं, कुत्री दमून माणसांच्या खांद्यांवर चढली, अंगावरचा चिखल वाळून पडायला लागला, पण सासरे अजून पाचव्या मजल्याला पोचायचे होते आणि ते बाहेर येईपर्यंत घरी जायला कोणीच तयार नव्हतं.