इमारतीची मागची बाजू

ज्या वर्षी घरातल्या थोरल्या नातीचं लग्न झालं आणि फोटोवाल्याने नवरा-नवरीपेक्षा नवऱ्याच्या मामाचेच फोटो जास्त काढले, त्या वर्षाची ही गोष्ट. लग्नानंतर नात आणि नातजावई फिरायला गेले आणि तिकडून आक्काच्या नावाने एक पोस्टकार्ड आलं. पुढचं सगळं त्या कार्डाने केलं.

आक्का म्हणजे मिस्त्रींची मोठी बहीण. मिस्त्री म्हणजे त्या नातीचे आजोबा. सगळी हयात गवंडीकामात गेलेला माणूस. थापी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण चहाचा कप पुढे आला तरी आधी तो सरळ ठेवलाय का हे बघून मग ओठाला लावायचे.

आक्काचे गुडघे कधीचे रुसलेले. अंगणापर्यंत जाऊन आली की तिचा प्रवास झाला. म्हणून घरात एक नियम होता: जो कोणी परगावी जाईल त्याने आक्काला कार्ड पाठवायचं. ती कार्डं बैठकीच्या खोलीतल्या कपाटाच्या काचेवर लागायची, घरच्या फोटोंच्या मध्येच, जिथे जागा मिळेल तिथे. पहिला दात आलेलं बाळ, शेजारी दगडी पूल. पदवीचा झगा घातलेली पुतणी, तिच्या डोक्यावर किल्ला. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या मेणबत्त्या, आणि त्यांच्यामागून डोकावणारा मनोरा. नवखा पाहुणा विचारायचा, "हा मनोरा तुमचाच का हो?" आक्का म्हणायची, "माझ्याच नावावर आलाय."

तर नातीचं कार्ड आलं. त्यावर एक जुनी इमारत होती. समोर पायऱ्याच पायऱ्या, त्यावर कमानींची रांग, आणि मधोमध पालथ्या पातेल्यासारखा भला मोठा घुमट. पाठीमागे नातीने लिहिलं होतं, की आम्ही मजेत आहोत, इमारत फार सुंदर आहे, हे अर्ध्या पायऱ्यांवरच बसून राहिले, तुमची आठवण आली.

आक्काने कार्ड वाचलं. उलटलं. परत उलटलं. मग विचारलं, "मागे काय आहे?"

"मागे लेकीचं अक्षर आहे, आक्का," सूनबाई, म्हणजे नातीची आई, म्हणाल्या.

"अगं, इमारतीच्या मागे. जो उठतो तो मला इमारतीचं तोंड पाठवतो. जन्मभर तोंडंच बघत आले मी. पाठ कुणी दाखवलीच नाही. जायच्या आधी एक तरी अख्खी बघायची आहे मला, पुढून, मागून, सगळीकडून."

ती हे हसत म्हणाली, पण मिस्त्रींचा कप हातातच राहिला. बहिणीने आजवर काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आणि त्या पायऱ्या तर तिला या जन्मात चढता येणार नव्हत्या.

"मी आणतो," मिस्त्री म्हणाले.

"काय आणतोस? दुसरं कार्ड?"

"इमारत. तुझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला इथे, या खोलीत, चारही बाजूंनी उभी करतो."

"तू मला पोहायला शिकवतो म्हणाला होतास. अजून काठावरच बसले आहे मी."

"ती विहीर होती. ही इमारत आहे. इमारतीत माझा शब्द खाली पडलेला नाही."

"भिंत पडली होती एक."

"ती आधीपासून पडणारच होती," असं म्हणून मिस्त्रींनी कार्ड खिशात घातलं आणि कोपऱ्यावरची बेकरी गाठली.

बेकरीवाला मिस्त्रींचा जुना मित्र. त्याच्या भट्टीची भिंत मिस्त्रींनीच बांधलेली, त्यामुळे तो त्यांना नाही म्हणू शकत नसे. त्याने कार्ड लांब धरून पाहिलं. "मिस्त्री, केक करू आपण. पण असा मी कधी केला नाही. मी गोल करतो आणि चौकोनी करतो."

"तू फक्त माल दे. बांधकाम माझं."

इथेच बेकरीवाल्याने भट्टी बंद करून गावाला निघून जायला हवं होतं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मिस्त्री थापी, ओळंबा, पातळी बघायची पाणसळ आणि दोरी घेऊन हजर. सूनबाईंनी सगळी हत्यारं उकळत्या पाण्यातून काढून दिली होती, आणि वर बजावलं होतं, "बाबा, एवढंच लक्षात ठेवा, लोक हे खाणार आहेत." मिस्त्रींनी मान हलवली. बेकरीच्या फरशीवर खडूने आखणी झाली. बेकरीवाल्याने केकचे जाड तुकडे कापून पुढे ठेवले. मिस्त्रींनी एक उचलला, बोटाने दाबला, कानाशी नेऊन टिचकी मारली.

"ही वीट कच्ची आहे."

"मिस्त्री, ती मऊच असते."

"मऊ विटेवर घुमट बसेल? अजून भाज."

"अजून भाजली तर आक्काचे दात जातील."

"आक्काचे दात कधीच गेलेत. भाज."

शेवटी मध्यम भाजलेल्या विटेवर तडजोड झाली. मग क्रीम आलं. मिस्त्रींनी थापीवर घेऊन उलटं केलं. ते ओघळलं. "गिलावा पातळ आहे," मिस्त्री म्हणाले. बेकरीवाल्याने त्यात आणखी पिठीसाखर घोटली. बाहेर पावासाठी गिऱ्हाइकं उभी होती, आणि आत हा माणूस केकला ओळंबा लावून एक डोळा मिटून उभा होता.

पुढची बाजू मात्र अशी उठली की पाव घ्यायला आलेली माणसं पाव विसरून बघत बसली. पायऱ्या, कमानी, सगळं कार्डाबरहुकूम. अडलं ते मागे. कार्डात मागचं काही दिसत नव्हतं.

"सपाट भिंत घालू," बेकरीवाला म्हणाला.

"एवढ्या मोठ्या इमारतीला मागे दार नसेल? कचरा काय पुढच्या पायऱ्यांवरून काढत असतील?"

सूनबाईंनी लेकीला फोन लावला. नात म्हणाली, "मागे आम्ही गेलोच नाही गं. तिकडे दोरी बांधली होती."

"बघितलंस?" मिस्त्री म्हणाले. "दोरी बांधतात म्हणजे मागे काहीतरी खास असणार." आणि त्यांनी आपल्या मनाने मागची बाजू बांधली. मोठी कमान, दोन्हीकडे ओटे, वर छोट्या खिडक्या. अख्ख्या जन्मात इतरांच्या नकाशावर काम केलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणी नकाशा दिला नव्हता. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांच्या भुवयांनाही क्रीम होतं. आक्का म्हणाली, "रंग दिलास वाटतं?" ते नुसते हसले.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी मिस्त्री बेकरीवाल्याच्याही आधी कामावर. बेकरीवाला येऊन पुढे पाव विकायला बसला आणि मिस्त्री आत गेले. इमारतीला एक फेरी मारली. मागच्या कमानीच्या वर त्यांना एक बारीक तडा दिसला. केसाएवढा.

तडा बघितल्यावर गवंडी विचार करत नाही, त्याचा हात विचार करतो. नवं बांधकाम, रात्रभर कोरडं राहिलं, तडा जाणारच. त्यावर इलाज एकच. मिस्त्रींनी पाण्याचा मग घेतला आणि नव्या भिंतीवर मारतात तसं, अंदाजाने, झटक्या-झटक्याने मागच्या बाजूला पाणी मारलं. मग वर एक फडकं भिजवून पसरलं आणि समाधानाने चहा घ्यायला बाहेर आले.

"काय करत होता आत?" बेकरीवाल्याने विचारलं.

"पाणी मारलं. दुपारपर्यंत पक्कं होईल."

बेकरीवाल्याच्या हातातला पाव गिऱ्हाइकाच्या पिशवीऐवजी गल्ल्यात पडला.

दोघे आत धावले. फडकं उचललं. मागची भिंत बसायला लागली होती. ओटे गेले होते. कमान खाली आली होती, आणि घुमट पेंगलेल्या माणसासारखा मागे रेलला होता. पुढची बाजू मात्र जशीच्या तशी, डौलात.

"आता?" बेकरीवाला म्हणाला.

"टेकू," मिस्त्री म्हणाले. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. बेकरीतल्या सगळ्या काठ्या भट्टीच्या, घुमटापेक्षाही लांब. मग ते घरी गेले आणि लगेच परत आले. हातात काय होतं ते बेकरीवाल्याने विचारलं नाही. त्याने आता काहीही विचारायचं सोडून दिलं होतं.

हातगाडीवरून इमारत घरी निघाली. बेकरीवाला ढकलत होता आणि मिस्त्री मागून घुमटाला पंजा लावून, पाठीमागे काही नाहीच असा चेहरा करून चालत होते. खोलीत नेल्यावर त्यांनी ती टेबलावर, कपाटाला अगदी चिकटवून ठेवली. दोन्ही बाजूंना खुर्च्या लावल्या आणि खुर्च्यांवर जाडजूड पाहुणे बसवले, त्यात नवऱ्याचे मामाही होते.

घर भरलं. लेकी आल्या, जावई आले, पोरं टेबलाखाली शिरली. नात तर फिरून आलेली, ती म्हणाली, "आजोबा, हुबेहूब. मी परत तिथेच उभी आहे असं वाटतंय." फोटो निघाले, बहुतेकात मामा आले. मिस्त्रींची छाती फुगत होती आणि नजर सारखी घुमटाकडे जात होती.

आक्का समोरच्या खुर्चीत बसून बराच वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. मग तिने तेच विचारलं, जे ती विचारणार हे मिस्त्रींना ठाऊक होतं.

"आणि मागून?"

"मागून काय, पुढच्यासारखंच. आधी मेणबत्ती विझव."

"चारही बाजूंनी म्हणाला होतास तू. माझी काठी द्या रे कुणीतरी."

काठी सापडेना. पलंगाखाली बघितलं, दाराआड बघितलं. सूनबाई म्हणाल्या, "सकाळी तर इथेच होती." बेकरीवाला छताकडे बघायला लागला.

"राहू दे आक्का, उद्या बघ," मिस्त्री म्हणाले.

"ऐंशी वर्षं थांबले की मी." आणि आक्का उठली. एका खुर्चीची पाठ, दुसऱ्या खुर्चीची पाठ, मग मामांचा खांदा, असं धरत धरत ती टेबलाच्या टोकाशी आली आणि कपाट आणि केक यांच्या फटीत वाकून तिने मागे पाहिलं.

मागे सगळं ओलं आणि बसकं होतं. आणि त्या ढिगाऱ्यात तिरपी रोवलेली तिची काठी घुमटाला तोलून उभी होती.

 आक्का वळली. "ओल आली आहे रे भिंतीला."

"मी थोडं पाणी मारलं होतं," मिस्त्री पायाकडे बघत म्हणाले.

"केकला?"

"नवं बांधकाम होतं, आक्का."

आक्काच्या पोटातून हसू निघालं ते थांबेचना. खुर्चीची पाठ हलायला लागली, मामांचा खांदा हलायला लागला. "माझी काठी दे," ती हसता हसता म्हणाली.

"एवढं नको मागू. ती काढली तर घुमट येईल खाली."

"मग मी काय पडू? माझ्या वाढदिवसाला मी टेकूशिवाय आणि तुझा घुमट माझ्या काठीवर?"

मिस्त्री टेबलामागे वाकले. त्यांनी काठी काढली. घुमट आधी तसाच राहिला, मग लांबून चालत आलेल्या पाहुण्यासारखा हळूच खाली बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आक्काने काठीच्या टोकाला लागलेलं क्रीम बोटाने चाखलं. "चव चांगली आहे. वाटा सगळ्यांना."

सगळ्यांनी तो चमच्याने, वाटीवाटीने खाल्ला. कापायला त्यात काही उरलंच नव्हतं. मिस्त्री मात्र कपाटापाशी उभे. आक्काने आपली वाटी त्यांच्या हातात दिली. "असा का उभा आहेस? सगळ्यांनी पुढून बघितली, मागून मी एकटीनेच."

"ती मागची बाजू माझी होती आक्का. त्या इमारतीची कुठे होती? मी शब्द दिला होता."

"मग जा आणि बघून ये. तुझे गुडघे चांगले आहेत."

ती गमतीने म्हणाली. पण थंडी सरली तेव्हा मिस्त्री खरंच नात आणि नातजावयाबरोबर गाडीत बसले. नातजावई या वेळीही अर्ध्या पायऱ्यांवर बसले. मिस्त्रींनी पुढच्या कमानींकडे मान वर करूनही पाहिलं नाही. सरळ वळसा घालून मागे. तिथे दोरी होती आणि दोरीपाशी रखवालदार.

"आजोबा, मागे जायला मनाई आहे. दुरुस्ती चालू आहे."

"म्हणूनच आलोय. गवंडी आहे मी."

"इथे गवंडी आहे की."

"मग त्याला भेटतो."

"बघण्यासारखं काही नाही हो तिकडे."

"तेच बहिणीला सांगायचंय, त्यासाठी बघावं लागेल."

रखवालदाराला हे काही कळलं नाही, पण म्हाताऱ्यापुढे त्याने दोरी वर केली. मिस्त्री वाकून पलीकडे गेले. मागे कमान नव्हती, ओटे नव्हते, खिडक्या नव्हत्या. सपाट भिंत होती. तिच्यावर खालपासून वरपर्यंत ओल चढली होती. तीन जाडजूड लाकडी टेकूंनी ती तोलून धरली होती, आणि एक गवंडी ताज्या गिलाव्यावर मगाने पाणी मारत होता. मिस्त्री तिथेच एका पालथ्या घमेल्यावर बसले. नात धावत आली तेव्हा ते रुमालाने डोळे पुसत होते, आणि हसत होते.

खाली दुकानात त्यांनी कार्ड घेतलं. मागच्या बाजूचं कार्ड कुणी छापत नाही, म्हणून तेच, पुढचं. नात म्हणाली, "आजोबा, काहीतरी छान लिहा." मिस्त्रींनी लिहिलं: "आक्का, मागे दार नाही. भिंतीला ओल आहे आणि टेकू दिले आहेत. इथेही पाणीच मारतात."

"हे छान आहे?" नात म्हणाली.

"याच्याहून छान काय असतं?"

आक्काने ते कार्ड कपाटाच्या काचेवर पहिल्या कार्डाशेजारी लावलं. पहिलं चित्राच्या बाजूने, दुसरं अक्षराच्या बाजूने. कुणी नवखं आलं आणि म्हणालं, की हे उलटं लागलंय, तर ती सांगायची, "सुलटंच आहे. ती पुढची बाजू आणि ही मागची. अख्खी बघितली आहे मी ती इमारत."

आक्का त्याच्या पुढच्या वर्षी गेली, नातीच्या बाळाला पहिला दात आला त्याच आठवड्यात. मिस्त्री आहेत. केकला पाणी मारायचं नसतं हे त्यांना अजून पूर्ण पटलेलं नाही.