वाट बघणे हा आजार नाही

माणसाला नोकरी सोडावीशी वाटते ती बहुधा सोमवारी, आणि जगाचं भलं करावंसं वाटतं ते पोटभर जेवण झाल्यावर. या दोन उदात्त भावना सहसा एकत्र येत नाहीत, म्हणून जग चाललंय. पण आल्याच एकत्र, तर समाजाला एक नवी संस्था मिळते आणि समाजाचा नाइलाज होतो.

अपुरेसाहेबांच्या बाबतीत त्या एकत्र आल्या एका सोमवारी, कंपनीच्या खर्चानं झालेल्या जेवणानंतर. (अपुरे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते विमा कंपनीच्या दावे विभागात होते आणि समोर येईल त्या दाव्यावर 'कागदपत्रं अपुरी' असा शेरा मारत. आयुष्यभर मारला. पुढे पुढे शेजारीपाजारी त्यांच्या बायकोलाही 'अपुरेवहिनी' म्हणू लागले.) जेवणानंतर कंपनीनं खास बोलावलेल्या व्याख्यात्यानं सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि विचारलं, "तुमचं मन काय म्हणतंय?" बाकीचे कर्मचारी झोपले. अपुरेसाहेबांचं मन तेवढं बोललं. ते म्हणालं, प्राणी वाचव.

मनाच्या या बोलण्याला आधार होता. ऑफिसच्या गेटवर एक कुत्रा असे. मागचा एक पाय जन्मापासून आखूड, म्हणून नाव लंगड्या. रोज चार वाजता साहेब चहाला खाली उतरत आणि बिस्किट चहात बुडवून त्याला भरवत. लंगड्याला बुडवलेलंच लागे, आणि साहेबांच्याच हातचं लागे. वॉचमननं एकदा भरवून पाहिलं, तर त्यानं तोंड फिरवलं. "तुमच्याशिवाय कुणाचं घेत नाही हो," वॉचमन म्हणे. दिवसभर लोकांना 'नाही' लिहून दमलेला तो हात तेवढ्यापुरता 'हो' म्हणायचा. साहेबांना बरं वाटायचं, अगदी मनापासून बरं वाटायचं. पण गेटवर उभं राहून बरं वाटणं म्हणजे काही करिअर नव्हे, हे व्याख्यात्यानं त्यांना पटवून दिलं. एका कुत्र्यानं इतकं बरं वाटतं, तर हजार कुत्र्यांनी किती वाटेल? हिशेब सरळ होता. साहेबांनी राजीनामा दिला.

घरी बायको औषधांच्या दुकानातून नुकतीच आली होती. दिवसभर काऊंटरवर उभं राहून तिचे पाय भरून आले होते.

"प्राणी वाचवणार? तुम्ही?" ती म्हणाली. "घरात पाल निघाली की स्टुलावर कोण चढतं?"

"पाल आपल्या कार्यक्षेत्रात येत नाही."

"अहो, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं करू नका."

"घोडा येतो," साहेब गंभीरपणे म्हणाले.

निरोप समारंभ झाला. सहकाऱ्यांनी त्यांना कापसाचा एक कुत्रा भेट दिला आणि कंपनीनं घरापर्यंत काळ्या काचांची गाडी. गाडी गेटमधून बाहेर पडली तेव्हा लंगड्या तिच्यामागे पार कोपऱ्यापर्यंत धावला. साहेबांना ते दिसलं नाही. मांडीवर कापसाचा कुत्रा घेऊन ते संस्थेचं ब्रीदवाक्य रचत होते.

संस्था झपाट्यानं उभी राहिली. साहेब अध्यक्ष झाले, मेहुणा खजिनदार झाला (तिजोरी रिकामी असल्यानं त्याच्या सचोटीबद्दल आजही कुणाला शंका नाही), मुलीनं बोधचिन्ह काढलं, आणि त्या बोधचिन्हाचे टी-शर्ट आले. मग मोबाईलवर ग्रुप निघाला. सदस्यत्वाची अट एकच होती: हळहळता आलं पाहिजे. ही पात्रता समाजात इतकी मुबलक असेल याची खुद्द अध्यक्षांनाही कल्पना नव्हती. बघता बघता सदस्य इतके झाले, की भागातल्या प्रत्येक भटक्या कुत्र्याच्या वाट्याला एक कार्यकारिणी येऊ शकली असती.

जखमी जनावराचा फोटो आला, की ग्रुपवर धावपळ उडे. कुणी 'अरेरे' लिही, कुणी हात जोडी, कुणी माणुसकी कुठे गेली असं विचारी. पहिल्या तिमाहीच्या आढाव्यानुसार हळहळीचं प्रमाण शंभर टक्के होतं, आणि सदस्यांतल्या बहुतेकांनी 'कुणीतरी जा रे लवकर' असा स्पष्ट आदेशही दिला होता. 'कुणीतरी' या पदावर मात्र अजून नेमणूक व्हायची होती. संस्था उंटावरून शेळ्या हाकते, असा आरोप काही नतद्रष्टांनी केला. तो निराधार आहे. संस्थेकडे ना उंट होता, ना शेळी.

शिवाय ऊठसूट धावत सुटणं अपुरेसाहेबांच्या रक्तात नव्हतं. आधी छाननी, मग करुणा, ही त्यांची शिस्त. हेल्पलाइनवर आलेली प्रत्येक हाक लेखी स्वरूपात त्यांच्या टेबलावर येई, आणि आयुष्यभर दावे तपासलेली त्यांची नजर लगेच खोट हेरी. छज्ज्यावर अडकलेलं मांजर? स्वतःच्या मर्जीनं चढलं. स्वेच्छेनं पत्करलेला धोका. तारेत पाय गुंतलेला कावळा ना पाळीव होता ना भटका, त्यामुळे तो कुठल्याच रकान्यात बसेना (तारेवरही त्याला नीट बसता येत नव्हतं, पण तो वेगळा मुद्दा). गटारात पडलेल्या पिल्लाच्या अर्जासोबत आईची संमती नव्हती. एका म्हाताऱ्या गाढवाचं प्रकरण जवळजवळ मंजूर झालं होतं, पण पडताळणीला माणूस पोचेपर्यंत गाढव निघून गेलं. त्यावर 'अर्जदारास स्वारस्य नाही' असा शेरा पडला. या काटेकोरपणाचं फळ आकड्यांत दिसतं: संस्थेच्या देखरेखीखाली आजवर एकही प्राणी दगावलेला नाही.

या सगळ्या कामात साहेबांना उसंत म्हणून नव्हती. चार वाजले की हात तेवढा आपोआप खिशात जाई. खिशात आता व्हिजिटिंग कार्डं असत.

अशातच एक प्रकरण आलं. हेल्पलाइनवरच्या स्वयंसेविकेनं ठरलेले प्रश्न विचारून ते व्यवस्थित उतरवून घेतलं होतं: 'एका कार्यालयाचं गेट. कुत्रा, नर. मागचा एक पाय आखूड. खाणं सोडलंय. कुणाची तरी वाट बघत बसून असतो. आता उठवतही नाही.' साहेबांनी चष्मा लावला. प्रकरण सोपं होतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पायाचं व्यंग पूर्वीपासूनचं. वाट बघणे हा आजार नाही. अपात्र.' आणि ते पुढच्या कागदाकडे वळले.

अर्जदार वॉचमन होता. पण कुठलं कार्यालय हे त्याला कुणी विचारलं नव्हतं (प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता), आणि अपात्र झाल्याचं कळल्यावर त्यानं सरळ साहेबांच्या घरी फोन लावला. फोन बायकोनं घेतला.

"वहिनी, साहेबांना सांगा हो. तो काही वाचत नाही आता. रोज चारला तेवढी मान वर करून जिन्याकडे बघतो."

वहिनींनी साहेबांना काहीच सांगितलं नाही. दुकानात अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कपाटातली जुनी चादर काढली आणि गाडी करून गेल्या. गाडीवाला कुत्रा घ्यायला तयार होईना. त्याच्याशी त्या कडाकडा भांडल्या, लंगड्याला चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि घरी आणलं. (त्या संस्थेच्या सदस्य नव्हत्या. हळहळायला वेळ मिळत नाही, असं कारण त्यांनी दिलं होतं.)

संध्याकाळी साहेब घरी आले, तर दाराशी चादरीचं गाठोडं. गाठोड्यातून हडकलेलं एक तोंड वर आलं. आधी नाक हललं, मग शेपटी.

"ओळखलंत का?" बायकोनं विचारलं.

साहेब तसेच खाली बसले. "कागदावर असा वाटला नाही गं," ते म्हणाले.

"तुमच्याच शेऱ्यावर मेला असता तो. माझ्या हातचं खात नाहीये. चहा ठेवलाय, घ्या."

साहेबांनी बिस्किट बुडवलं. अर्धं चहातच पडलं. उरलेलं अर्धं लंगड्यानं घेतलं, मग बोटं चाटली, मग दुसऱ्या बिस्किटाची वाट बघितली. साहेबांना रडू फुटलं. हळहळ नव्हे, रडू. संस्थेकडे त्याची नोंद ठेवायची सोय नव्हती.

"आता रोज चारला घरी यायचं," बायको म्हणाली. "त्याला दुसरं काही नको."

"येणार म्हणजे काय! येणारच," साहेब म्हणाले, आणि त्या क्षणी ते खरंच बोलत होते.

बातमी ग्रुपवर गेली आणि हळहळीला उधाण आलं. संस्थेची ही पहिलीच यशस्वी सुटका. शहरातल्या एका वजनदार मंडळानं तातडीनं अध्यक्षांचा सत्कार ठरवला, दुसऱ्याच दिवशी, चार वाजता. सभागृह खचाखच भरलं होतं. (प्राण्यांना प्रवेश नव्हता, गालिचा नवा होता.) पडद्यावर लंगड्याचा भलामोठा फोटो लावला होता. त्यात कडेला एक बाईमाणसाचा हात येत होता, तो कापून फोटो सुबक केला होता. प्रमुख पाहुणे तेच व्याख्याते होते. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, आणि या वेळी कुणी झोपलं नाही.

मग अपुरेसाहेब बोलायला उभे राहिले. गेट, आखूड पाय, गाडीमागची ती धाव (हे त्यांना वॉचमनकडून कळलं होतं, पण सांगताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं), सगळं त्यांनी असं रंगवलं की पहिल्या रांगेतल्या बायका डोळे टिपू लागल्या आणि मागच्या रांगेतले पुरुष घसा खाकरू लागले. शेवटी ते भरल्या आवाजात म्हणाले, "मित्रांनो, वाट बघणे हाच सगळ्यात मोठा आजार आहे!" टाळ्या थांबेनात. लोक सदस्यत्वासाठी रांगा लावून उभे राहिले. मेहुण्याकडचे टी-शर्ट संपले, तो भांबावून गेला. पुढच्या शाखेची घोषणा झाली, गटाचे फोटो झाले, चहापान झालं. कार्यक्रम संपला तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

एवढ्या मोठ्या सभागृहात एकानंही विचारलं नाही, की आज लंगड्याला चारचं बिस्किट कुणी भरवलं. तो घरी दाराकडे तोंड करून बसलाय. समोरचा चहा केव्हाच निवलाय. वहिनींनी दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला.

सभागृहाचं सोडा. तुम्हीही इतका वेळ टाळ्याच ऐकत होतात. लंगड्या आठवला तो आत्ता, मी सांगितल्यावर. आणि आठवल्यावर तोंडून काय निघालं? 'अरेरे'च ना?

अभिनंदन. सदस्यत्वाची अट तेवढीच आहे. टी-शर्टचं माप तेवढं कळवून ठेवा.