बिवलकरकाकूंची रांगोळी

आमच्या गावात पाणी सोडणारा संगणक प्रत्येक गल्ली कॉन्फिगरेशन फाइलमधल्या, म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांच्या यादीतल्या, ओळीसारखी वाचतो, आणि जिथे # हे चिन्ह दिसेल तिथून पुढच्या घरांना पाणी देत नाही. त्यात त्याची चूक नाही. या चिन्हापुढचा मजकूर म्हणजे टिप्पणी. ती माणसांसाठी असते, यंत्राने सोडून द्यायची असते. नगरपालिकेच्या माहितीपुस्तिकेत मी हे उदाहरणासकट लिहिलं आहे. ती कुणी उघडत नाही, हा भाग वेगळा.

गुरुवारी बिवलकरकाकूंनी भाचीच्या केळवणासाठी दारात रांगोळी काढली. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या, मध्ये हळदकुंकू. काकूंचं घर गल्लीत पहिलं, त्यामुळे सबंध गल्ली कोरडी राहिली. दुपारी पंगत बसायची होती आणि घरात तांदूळ धुण्यापुरतंही पाणी नव्हतं.

मी आणि अभियंता तोरसकर लगोलग पोचलो.

“काकू, रांगोळी पुसा,” तोरसकर म्हणाले. “तुमची गल्ली टिप्पणी झालीय.”

“शुभकार्याची रांगोळी पुसू? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

तोरसकरांना ते पटलं. त्यांच्याही घरी आई आहे.

मार्ग मीच काढला, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. चिन्हाच्या आधीचं सगळं यंत्र वाचतं. तेव्हा गल्ली उलट्या टोकाकडून वाचायची. तोरसकरांनी संगणकाला फोन केला. त्याने हरकत घेतली नाही. शेवटच्या घरापासून एकेक नळ वाजू लागला. काकूंच्या शेजारच्या घरापर्यंत पाणी आलं आणि थांबलं.

काकू रिकाम्या पातेल्याजवळ मटकन बसल्या. “पोरीला उपाशी पाठवू का आता?”

मला फार वाईट वाटलं. नियम मीच लिहिलेला होता.

तेवढ्यात शेजारच्या घाणेकरवहिनी भरलेली कळशी घेऊन आल्या. त्यांच्यामागून सगळी गल्ली आली, कुणाकडे हंडा, कुणाकडे बादली, एकाकडे तर कुकरच. कुणी तांदूळ धुतले, कुणी तिथेच बसून खोबरं खवलं. पंगत वेळेवर बसली. भाची मागून मागून जेवली. आम्हीही मागे राहिलो नाही.

हात धुताना तोरसकर म्हणाले, “काकू, उद्या कमळ काढा. नळ सुरू होईल.”

काकूंनी दारातल्या हंड्यांकडे पाहिलं. ओट्यावर बायकांच्या गप्पा अजून रंगल्या होत्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “नळाला पाणी तासभर येतं. हे दिवसभर येतंय.”

तोरसकरांनी तशी नोंद घेतली.